चावी कोणाच्या हाती?

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





ब्लॉकचेन खात्याची खासगी चावी कशी सांभाळावी, हा आजचा विषय फलकावर लागला तेव्हा दोन-तीन ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला थेट विचारले की, विहारात हा विषय कशासाठी? प्रश्न रास्त आहे. आपल्या वस्तीतील कितीतरी मुलामुलींच्या मोबाईलमध्ये आज अशी खाती आहेत. कोणी शिष्यवृत्तीतून, कोणी पहिल्या पगारातून, कोणी परदेशी कंपनीचे काम करून मिळालेल्या मोबदल्यातून त्यात पैसा ठेवला आहे. आईवडिलांना त्याची वार्ता नाही, आणि ज्याचे खाते त्यालाही आपल्या हातात नेमके काय आहे हे पुरते ठाऊक नाही. आपल्या समाजाच्या हाती चार पैसे येऊ लागले त्याला अजून दोन पिढ्याही झाल्या नाहीत. ते पैसे अज्ञानापायी जाऊ नयेत, म्हणून हा विषय.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. बँकेत कारकुनी करतो. संगणकशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. परंतु चावी, सही आणि ताबा या तीन गोष्टींशी आमचा रोजचा संबंध आहे, आणि हा विषय शेवटी याच तीन गोष्टींचा आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. अशी नाणी विकत घ्या, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. भारतात त्यांना चलन म्हणून मान्यता नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर बसवला. म्हणजे जवळ बाळगणे गुन्हा नाही, पण सरकारने पाठीवर हातही ठेवलेला नाही. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला म्हणून त्यांचे नाव बिटकॉइनच्या जाहिरातीला जोडणारा कोणी भेटला, तर त्याला आधी तो ग्रंथ वाचला आहे का, हे विचारावे.

आता मूळ मुद्दा. ब्लॉकचेन म्हणजे काय? आपल्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द असे. कोणी कोणाला किती दिले याची तारीखवार नोंद. अशी एक रोजकीर्द कल्पावी, जिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या आहेत आणि जी कोणालाही वाचता येते. बिटकॉइनची ही वही ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. लिहिणाऱ्याचे नाव सातोशी नाकामोतो असे सांगितले जाते. हा माणूस कोण, हे आजवर सिद्ध झालेले नाही. या वहीत माणसांची नावे नसतात, पत्ते असतात. अमुक पत्त्यावरून तमुक पत्त्यावर इतके गेले, एवढेच.

येथे एक मोठा गैरसमज आहे तो दूर करू. नाणी आपल्या मोबाईलमध्ये नसतात. ती कोठेच 'असत' नाहीत; असते ती वहीतली नोंद. मग मोबाईलमध्ये काय असते? सही करण्याचे साधन. हेच साधन म्हणजे खासगी चावी. बँकेत आम्ही खातेदाराची नमुना सही घेऊन ठेवतो आणि चेक आला की ताडून पाहतो. सही थोडी वेगळी दिसली तर खातेदाराला फोन करतो, प्रसंगी चेक परत करतो. त्या वहीच्या मागे असा कारकून बसलेला नाही. चावीने सही जुळली की व्यवहार झाला. सही करणारा खातेदार आहे, त्याचा मेहुणा आहे की चोर आहे, हे वही विचारत नाही. आणि एकदा नोंद पक्की झाली की ती फिरवण्यासाठी अर्ज कोठे करायचा, तर कोठेच नाही. शाखाधिकारी नाही, लोकपाल नाही.

ही चावी दिसते कशी? ती एक संख्या आहे, फार मोठी. संगणकाच्या भाषेत २५६ बिटांची. आपल्या दशमान पद्धतीत लिहिली तर ७८ अंकांपर्यंत जाते. तिच्यापासून गणिताने सार्वजनिक चावी निघते आणि त्या सार्वजनिक चावीपासून पत्ता निघतो. वाट एकाच दिशेची आहे. पीठ दळता येते, पिठाचे गहू करता येत नाहीत, तसे. म्हणून पत्ता सर्वांना द्यावा, पैसे स्वीकारण्यासाठी तो लागतोच. चावी मात्र कोणाला द्यायची नाही.

ही संख्या यदृच्छेने निवडलेली असली पाहिजे, आणि येथेच माणूस घसरतो. सुरुवातीच्या काळात काही लोकांनी आपल्या लक्षात राहील असे एखादे वाक्य निवडून त्यापासून चावी बनवण्याची पद्धत काढली. गाण्याचे बोल, धर्मग्रंथातील वचने, प्रसिद्ध कादंबरीचे पहिले वाक्य. चोरांनी हीच सर्व वाक्ये संगणकाला खाऊ घातली आणि ही खाती धुऊन नेली. काही तर पैसे जमा झाल्यावर काही मिनिटांत. तेव्हा आपल्यापैकी कोणाला त्रिशरण किंवा संविधानाची उद्देशिका चावी म्हणून वापरावी असे सुचले, तर भावना चांगली असली तरी खाते उघडे पडेल. जे आपल्याला पाठ आहे ते लाखो लोकांना पाठ आहे. आणि केवळ संगणकाने निवडली म्हणून चावी चांगली, असेही नाही. २०२३ साली लिबबिटकॉइन नावाच्या साधनातील एका आज्ञेत दोष सापडला. ती आज्ञा चावीसाठी जेमतेम ४३० कोटी शक्यतांतून निवड करत होती. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो, संगणकाला तो एका बैठकीचा खेळ आहे. त्या आज्ञेने बनवलेल्या चाव्यांची खाती रिकामी झाली. म्हणून जुने, बहुतांनी तपासलेले, ज्याची आज्ञावली उघडी आहे असे साधन घ्यावे, आणि तेही त्याच्या मूळ ठिकाणाहून.

७८ अंकी संख्या कोण लिहून ठेवणार? म्हणून २०१३ साली एक सोय प्रस्तावित झाली आणि ती आता जवळजवळ सर्वत्र चालते. २०४८ सोप्या शब्दांची एक यादी ठरवली आहे. त्यातले १२ किंवा २४ शब्द ठरावीक क्रमाने मांडले की त्यातून सर्व चाव्या पुन्हा निर्माण होतात. मोबाईल फुटला, हरवला, चिंता नाही. नव्या मोबाईलमध्ये ते शब्द भरले की खाते परत आले. पण म्हणूनच ते शब्द म्हणजेच खाते. मोबाईलचा संकेतांक फक्त मोबाईलचे दार बंद करतो. शब्द ज्याला कळले त्याला तुमच्या मोबाईलची गरजच नाही.

या यादीबद्दल आमची एक तक्रार आहे. ती इंग्रजीत आहे, जपानीत आहे, फ्रेंच, इटालियन, कोरियनमध्ये आहे. त्या प्रमाणित याद्यांत मराठी नाही, हिंदीही नाही. त्यामुळे आपल्याकडे एक निराळीच अडचण येते. घरातली मोठी माणसे इंग्रजी शब्द ऐकून देवनागरीत लिहून ठेवतात. त्या यादीत पंखा या अर्थाचा 'फॅन' आहे आणि मौज या अर्थाचा 'फन'ही आहे. घाईत डोक्यावरचा चंद्र राहून गेला की एकाचा दुसरा झाला, आणि मागाहून तो ओळखणार कोण? म्हणून शब्द रोमन लिपीत, मोठ्या सुट्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. इंग्रजी यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, तेव्हा निदान ती चार तरी स्वच्छ असावीत. लिहिल्यावर, खात्यात पैसा येण्यापूर्वीच, ते शब्द भरून खाते पुन्हा उभे राहते का हे एकदा करून पाहावे. हा तपास दहातला एखादाच करतो.

कागद कोठे ठेवायचा? पहिली गोष्ट, त्याचा फोटो काढायचा नाही. आपल्या मोबाईलमधले फोटो आपोआप दूरच्या संगणकावर जाऊन बसतात, आणि २०२५ साली तर असे अनुप्रयोग उघडकीस आले की जे मोबाईलमधील छायाचित्रे वाचून त्यातून नेमके हेच शब्द शोधत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणे, ईमेलच्या मसुद्यात ठेवणे, संगणकातल्या फाइलला 'लग्नपत्रिका' असे नाव देऊन लपवणे, हे सगळे प्रकार एकाच जातीचे. कागद तो कागदच राहू द्यावा. पण कागदाला पाणी लागते, वाळवी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी घरांतील दाखले, जातपडताळणीचे कागद, गुणपत्रिका यांचा लगदा झाला. म्हणून दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. रक्कम मोठी असेल तर पोलादी पट्टीवर अक्षरे ठोकून घेतात. ठोकण्याचे काम मात्र स्वतः करावे, कासाराकडे देऊ नये.

काहींना वाटते, कागद मधोमध फाडून अर्धा भावाकडे, अर्धा बहिणीकडे ठेवला की काम झाले. हा शहाणपणा दिसतो तेवढा खरा नाही. दोघांपैकी एकाचा अर्धा हरवला की दुसऱ्याचा अर्धाही वाया. म्हणजे चोराचा धोका कमी करताना हरवण्याचा धोका दुप्पट केला. शिवाय बारा शब्दांपैकी सहा एखाद्याला कळले तर उरलेले शोधणे पुष्कळच सोपे होते.

हरवण्याच्या गोष्टी थोड्या नाहीत. वेल्समधील न्यूपोर्ट गावच्या एका गृहस्थाची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८००० बिटकॉइनची चावी होती. कचराभूमी खणू द्या म्हणून ते अनेक वर्षे नगरपालिकेशी भांडले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. सॅन फ्रान्सिस्कोतील एका प्रोग्रॅमरची ७००२ बिटकॉइनची चावी एका कुलूपबंद यंत्रात होती. दहा वेळा परवलीचा शब्द चुकला की यंत्र कायमचे बंद. जानेवारी २०२१ मध्ये त्यांची हकीकत छापून आली तेव्हा आठ प्रयत्न संपले होते. दोघेही संगणकातले जाणकार. तेव्हा हे फक्त अडाण्यांचे होते, असे समजू नये.

आता चोरीकडे वळू. चोर गणित सोडवत बसत नाही, तो माणसाला सोडवतो. "कंपनीच्या मदत केंद्रातून बोलतोय, तुमचे खाते गोठवले आहे, बारा शब्द सांगा." खरी कंपनी ते शब्द कधीही विचारत नाही. बँक ओटीपी विचारत नाही, तसेच हे. दुसरा प्रकार पत्त्याचा. पत्ता लांबलचक असतो, म्हणून आपण नक्कल करून डकवतो. संगणकात शिरलेला घातक प्रोग्रॅम मधल्यामध्ये पत्ता बदलतो. किंवा आपल्या ओळखीच्या पत्त्यासारखाच, पुढची-मागची चार अक्षरे तीच असलेला पत्ता बनवून चोर आपल्याला किरकोळ रक्कम पाठवतो, म्हणजे पुढच्या वेळी आपण जुन्या यादीतून तोच उचलावा. पूर्ण पत्ता वाचावा आणि मोठी रक्कम पाठवण्याआधी दहा-वीस रुपयांची पाठवून पाहावी. कालामांना बुद्धांनी जे सांगितले, की परंपरेने आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ते येथे अक्षरशः लागू पडते.

मिरवू नये, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२५ मध्ये चाव्या सांभाळण्याची यंत्रे बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या एका सहसंस्थापकाचे अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्याचे बोट तोडले गेले. आपल्या चौकात चहा पिताना मोबाईलवरचा आकडा दाखवणारी मुले पाहिली की आम्हाला हे आठवते.

"मग चावी सांभाळण्याची कटकटच नको, कंपनीकडे ठेवू," असे बहुतेक जण करतात. त्यात गैर काही नाही, फक्त आपण काय करतो आहोत हे माहीत असावे. कंपनीकडे ठेवले म्हणजे चावी कंपनीची. आपल्याजवळ उरते ते येणे. तोक्योची माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडाली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचे जाहीर झाले. पैकी दोन लाख पुढे सापडले. कॅनडाच्या क्वाड्रिगासीएक्स या कंपनीचा प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याच देशात, जयपूरला वारला. सर्व चाव्या त्या एकट्याजवळ होत्या असे सांगण्यात आले आणि ७६ हजारांहून अधिक ग्राहक तोंडात बोट घालून बसले. पुढे चौकशीत कळले की चाव्यांचा प्रश्न दुय्यम होता. ग्राहकांच्या पैशांतील मोठा भाग त्याने आधीच उडवला होता. ऑन्टारिओच्या नियामकांनी २०२० साली त्याला सरळ फसवणूक म्हटले. एकाच माणसाच्या खिशात सगळ्या चाव्या, आणि त्याची वही तपासणारा कोणी नाही, मग दुसरे काय होणार?

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या लागतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकटा माणूस, मग तो कितीही सचोटीचा असो, तिजोरी उघडू शकत नाही. जोडचाव्यांचा संच मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवतात. चावी हातातून हाती जाताना रजिस्टरात सही होते. यात कोणाचा अपमान नाही. उलट प्रामाणिक माणसावर आळ येऊ नये म्हणून ही रीत आहे. ब्लॉकचेनवर अशीच सोय करता येते. तीन चाव्या ठेवायच्या आणि कोणत्याही दोन सह्या झाल्या तरच पैसा हलेल, असे खाते करता येते. एक चावी हरवली तरी खाते बुडत नाही, एक चोरीस गेली तरी पैसा जात नाही.

पण दोन सह्या म्हणजे दोन डोकी, हे विसरता कामा नये. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या आपल्याकडील कंपनीच्या खात्यातून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्या खात्याला एक नव्हे, चार सह्या लागत होत्या. पडद्यावर दिसत होते ते एक आणि सही झाली ती भलत्यावर, असे कंपनीने सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट कंपनीचे सुमारे दीडशे कोटी डॉलर अशाच रीतीने गेले. "साहेबांनी केली आहे ना, मग मीही करतो" ही सही आपण कार्यालयांत रोज पाहतो. अशी दुसरी सही फक्त शाई वाया घालवते.

आणि चावी नुसती पाहू दिली तरी काय होते? पुणे पोलिसांनी २०१८ साली एका मोठ्या बिटकॉइन फसवणुकीचा तपास केला, त्यात तांत्रिक मदतीसाठी बाहेरचे तज्ज्ञ घेतले. मार्च २०२२ मध्ये त्यांपैकी दोघांना, आरोपींच्या खात्यातील नाणी स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून, अटक झाली. त्यांतला एक माजी पोलीस अधिकारी होता. आरोप कोर्टात ठरेल ते ठरेल; पण चावी पाहिलेल्या माणसाला ती 'परत' करता येत नाही, एवढे त्यातून दिसते.

सर्वांत नाजूक बाब आता सांगतो. माणूस गेल्यावर काय? बँक खात्याला नामनिर्देशन असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर चार जणांपर्यंत नावे देता येतात. ते नसेल तरी वारस कागदपत्रे घेऊन येतात आणि उशिरा का होईना पैसा मिळतो. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी हक्क बुडत नाही. स्वतः सांभाळलेल्या चावीला वारस नाही. न्यायालयाचा वारसदाखला त्या वहीला वाचता येत नाही.

मागे एक भगिनी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ अचानक गेला. कपाटात एक वही निघाली, तीत बारा शब्द, पण सातवा शब्द ओल लागून पार पुसलेला. इंटरनेटवर भेटलेल्या कोणा 'तज्ज्ञा'ने पानाचा फोटो मागितला होता आणि वीस टक्के घेऊन खाते उघडून देतो म्हटले होते. फोटो पाठवायचा राहिला होता तो केवळ त्यांच्या मोबाईलची बॅटरी संपली म्हणून! खरे पाहता एका शब्दाची जागा माहीत असेल तर हे कोडे अवघड नाही. यादीत शब्दच २०४८. बारा शब्दांत जुळणी तपासण्याचा एक भाग अंतर्भूत असतो, त्यामुळे त्यातले साधारण १२८च टिकतात. ते एकेक करून पाहिले की झाले. त्यांच्या भाचीने, जी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंटरनेट तोडलेल्या संगणकावर हे काम एका संध्याकाळी केले. रक्कम सांगण्याचे कारण नाही. त्या आईचे औषधपाणी त्यातून चालते, एवढे पुरे. ज्याला ते शब्द दाखवले असते तो परका माणूसही एका संध्याकाळीच मोकळा झाला असता.

म्हणून ज्यांची अशी खाती आहेत त्या तरुणांना आमची विनंती आहे. घरातल्या एका माणसाला एवढे सांगा की असे खाते आहे, आणि त्याचा कागद कोठे आहे हे एका बंद लिफाफ्यात लिहून ठेवा. लिफाफ्यात शब्द नकोत, फक्त जागा. मृत्युपत्रातही शब्द लिहू नयेत; ते कागद किती हातांतून जातात हे आम्ही जाणतो. आणि सांगण्याजोगा माणूस निवडताना, ज्याला संगणक कळतो त्याच्यापेक्षा जो कागद जपतो तो निवडावा. बहुतेक घरांत ती आईच असते.

राहिला आपल्या मंडळाचा प्रश्न. कल्याण निधीतील काही भाग अशा नाण्यांत ठेवावा, अशी सूचना युवा सभासदांनी लेखी दिली आहे. त्यांचा उत्साह आम्हाला मोलाचा वाटतो, पण आमचे मत विरुद्ध आहे. हा निधी विद्यार्थ्यांच्या फीचा आणि अडल्या घराच्या अंत्यविधीचा आहे. त्याची किंमत रात्रीतून निम्मी होऊन चालणार नाही. आणि आपली कार्यकारिणी दर तीन वर्षांनी बदलते, तेव्हा जुन्या कोषाध्यक्षांनी चावी 'सुपूर्द केली' याचा अर्थ काय, हे आज आपल्यापैकी कोणालाही नीट सांगता येणार नाही. ज्याने पाहिले त्याच्याकडे ती राहिलीच. प्रत्येक बदलाला नवे खाते करून पैसा तिकडे हलवावा लागेल, आणि तेवढी शिस्त आपल्या पावतीपुस्तकांतही अजून आलेली नाही. हे बोलणे काहींना कडू लागेल.

वेळ होत आला. सभेनंतर प्रश्न विचारावेत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही विहाराच्या वाचनालयात असतो, तेथेही यावे. फक्त येताना तो कागद आणू नये, आणि आम्हालाही दाखवू नये.

जय भीम. नमो बुद्धाय.